आडनावातला गरुड

नाव माणसाचे भवितव्य घडवते, हा जुना समज गेल्या तीसेक वर्षांत विज्ञानाची भाषा बोलू लागला आहे. १९९४ साली ‘न्यू सायंटिस्ट’ या ब्रिटिश साप्ताहिकाच्या एका विनोदी सदरात आडनाव आणि पेशा यांच्या गमतीदार जुळण्यांना ‘नॉमिनेटिव्ह डिटर्मिनिझम’, म्हणजे नामनियतिवाद, असे भारदस्त नाव देण्यात आले. त्यामागे उघड थट्टा होती, परंतु पुढे हे नाव सिद्धांताच्या थाटात मिरवू लागले आणि त्याच्या बाजूने व विरुद्ध गंभीर चेहऱ्याने बोलले जाऊ लागले. या चर्चेत ‘ॲडलर’ या आडनावाचा दाखला हटकून निघतो. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ गरुड. हा पक्षी शतकानुशतके जर्मन राजसत्तेचे चिन्ह राहिला आहे, आणि हे आडनाव लावणाऱ्या आल्फ्रेड ॲडलर (१८७०–१९३७) या व्हिएन्नातील मनोवैद्याने श्रेष्ठत्वाच्या ओढीवर आपले मानसशास्त्र उभारावे, यात अनेकांना केवळ योगायोगापेक्षा अधिक काही दिसते.

या दृष्टीला प्रतिष्ठा मिळवून दिली ती कार्ल गुस्ताव युंगने. ‘सिंक्रोनिसिटी’, म्हणजे कार्यकारणसंबंधावाचून घडणारे पण अर्थपूर्ण भासणारे योगायोग, या विषयावरील १९५२ च्या प्रबंधात एका तळटीपेत त्याने तीन आडनावे शेजारी ठेवली: फ्रॉइडच्या नावात आनंद आणि त्याचा सिद्धांत सुखतत्त्वाचा, ॲडलर म्हणजे गरुड आणि त्याचा सिद्धांत सत्ताकांक्षेचा, युंग म्हणजे तरुण आणि त्याचा सिद्धांत पुनर्जन्माचा. युंगने हे प्रश्नार्थक सुरात मांडले, आणि व्हिल्हेल्म स्टेकेलने नावाच्या सक्तीविषयी आधीच लिहिले होते याचीही नोंद केली, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. मात्र प्रश्नचिन्ह लावल्याने विधानाची जबाबदारी टळत नाही, कारण तळटीप वाचणाऱ्याच्या स्मरणात जुळणी राहते आणि शंका गळून पडते.

ही जुळणी साधण्यासाठी प्रत्येक सिद्धांत किती कापावा लागला, हे पाहण्यासारखे आहे. फ्रॉइडने १९२० साली सुखतत्त्वाच्या पलीकडे जाऊन मृत्युप्रेरणेची मांडणी केली. तेव्हा त्याचे आडनाव बदलले नव्हते. ॲडलरच्या बाबतीत तर ओढाताण अधिकच आहे. ‘सत्ताकांक्षा’ हा शब्द मुळात नीत्शेचा, आणि ॲडलरच्या विचाराचा आरंभ सत्तेपासून होत नाही. तो उणिवेपासून होतो. १९०७ च्या ग्रंथात त्याने शरीरातील एखादा अवयव दुबळा असेल तर त्याची भरपाई माणूस कशी करतो याचा विचार केला. मराठीत रुळलेला ‘न्यूनगंड’ हा शब्द ज्या कल्पनेभोवती फिरतो तिचे मूळ येथे आहे. पहिल्या महायुद्धानंतर त्याचा भर समाजाशी जोडले जाण्याच्या भावनेवर आला आणि व्हिएन्नात त्याने मुलांसाठी मार्गदर्शन केंद्रे उभी केली. लहानपणी मुडदूस झालेला ॲडलर, पुढे शिक्षकांशी बोलत बसणारा वैद्य आणि आकाशात एकटा विहरणारा पक्षी यांची जुळणी कोणत्या टप्प्यावर करावी, हे युंग सांगत नाही. अर्थात कोणताही टप्पा निवडला असता तरी जुळणी झालीच असती: दुबळेपणावर भर दिला तर पंख छाटलेला गरुड, समाजभावनेवर दिला तर पिलांना पंखांवर वाहणारा बायबलमधला गरुड. ज्या साधर्म्याला कोणतेही तथ्य खोटे पाडू शकत नाही, त्याने काहीही सिद्ध होत नाही.

शिवाय मनोविश्लेषकांपैकी युंगने ही तीनच नावे का घेतली? ओटो रांक आणि शान्डोर फेरेन्त्सी हेही त्याच वर्तुळातले होते, आणि त्यांच्या नावांतून असा काही बोध काढण्याचे त्याने टाळले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे व्हिएन्ना त्या काळी ॲडलरांनी भरलेले होते. व्हिक्टर ॲडलरने १८८८–८९ च्या हाइनफेल्ड अधिवेशनात भांडणाऱ्या समाजवादी गटांना एकत्र आणले. त्याचा मुलगा फ्रीड्रिख हा भौतिकशास्त्रज्ञ, आणि त्याने १९१६ साली ऑस्ट्रियाचा पंतप्रधान कार्ल फॉन श्ट्युर्गख याला गोळी घातली. माक्स ॲडलर मार्क्सवादी तत्त्वज्ञ, तर गुइडो ॲडलर संगीतशास्त्राला विद्यापीठीय शिस्त देणारा. या पाच जणांना एका पक्ष्याच्या स्वभावात बसवायचे तर त्या पक्ष्याला स्वभावच उरणार नाही.

गोंधळाचे मूळ असे की योजलेले नाव आणि वाट्याला आलेले नाव यांत फरक केला जात नाही. ७ डिसेंबर १८३५ रोजी न्युर्नबर्ग ते फ्युर्थ या मार्गावर धावलेल्या वाफेच्या इंजिनाला ‘ॲडलर’ म्हटले गेले, तेव्हा वेग आणि बळ सुचवण्याचा हेतू उघड होता (इंजिन मात्र न्यूकॅसलहून आणलेले, स्टीफन्सनच्या कारखान्यातले). फ्रँकफर्टच्या सायकली, टंकलेखनयंत्रे आणि मोटारी बनवणाऱ्या कारखान्यानेही हे नाव असेच हेतूपूर्वक धारण केले. येथे गरुड जिवंत आहे, कारण नाव देणाऱ्याला तो हवा होता. आडनावाचे तसे नसते. फ्रँकफर्टमध्ये १४६२ पासून ज्यूंना ज्या गल्लीत कोंडले गेले, तेथील घरे क्रमांकांऐवजी चिन्हांनी ओळखली जात आणि घराचे चिन्ह कुटुंबाला चिकटे. लाल ढालीच्या घरातून निघालेले रोथशिल्ड ते घर सोडल्यावरही रोथशिल्डच राहिले. ॲडलर हे नावही त्या गल्लीत होते, आणि तेथील गूढवादी धर्मगुरू नाथान ॲडलर (१७४१–१८००) हे सम्राट योसेफ दुसरा याने १७८७ साली ज्यूंना कायमची आडनावे घेण्याचा हुकूम काढण्याच्या बरेच आधी जन्मले होते. श्रीमंतांनी लाच देऊन सुंदर आडनावे विकत घेतली, ही लोकप्रिय कथा चवीने सांगितली जाते, इतकेच तिच्याविषयी म्हणणे पुरे.

हुकुमानंतर एखाद्याने ‘ॲडलर’ स्वतः निवडले असेल, तर तेवढ्यापुरते ते योजलेले नाव होय, हे मान्य करावे लागेल. पण त्याच्या मुलाकडे ते निवड म्हणून जात नाही. गरुड किंवा ससाणे हे आडनाव ऐकताना मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पक्षी येत नाही, तो गाव, जात किंवा ओळखीचे कुटुंब आठवतो. वाट्याला आलेल्या नावात शब्दार्थ निजलेला असतो आणि नाते जागे असते.

नावाने माणसाचे काही होत नाही, असा याचा अर्थ नव्हे. १७ ऑगस्ट १९३८ च्या वटहुकुमाने नाझी राज्याने ज्यूंना, ठरावीक यादीतील नाव नसल्यास, १ जानेवारी १९३९ पासून ‘इस्रायल’ किंवा ‘सारा’ हे जादा नाव लावणे भाग पाडले. ज्या राज्याच्या शिक्क्यावर गरुड होता, त्याला ‘ॲडलर’ या आडनावावरून ज्यू आणि बिगरज्यू वेगळे काढता येत नव्हते. ऑलिंपियाच्या उत्खननात काम केलेला वास्तुशास्त्रज्ञ, दुसरा एक फ्रीड्रिख ॲडलरही जर्मन ख्रिस्ती समाजातलाच होता. म्हणून राज्याला नवे नाव योजावे लागले, आणि योजलेल्या नावाने आपले काम चोख बजावले.

प्रागमध्ये १९१० साली जन्मलेला आणि तेरेझीन व आउश्वित्झमधून वाचलेला लेखक हान्स ग्युन्थर ॲडलर युद्धानंतर केवळ ‘एच. जी. ॲडलर’ अशी सही करू लागला, कारण नाझी अधिकारी आइखमनच्या प्रागमधील प्रतिनिधीचे नाव हान्स ग्युन्थर होते. आईवडिलांनी हौसेने योजलेले नाव त्याने आद्याक्षरांपुरते उरवले आणि पिढ्यांनी वाट्याला घातलेले पूर्ण ठेवले. या निर्णयाचे कारण ‘हान्स’ आणि ‘ग्युन्थर’ यांच्या व्युत्पत्तीत शोधणाऱ्याच्या हाती काहीही लागणार नाही.