कोणाशी प्रामाणिक?

प्रामाणिक एजंट हवा, असं मी भेटेल त्याला सांगत होतो. कोणाशी प्रामाणिक, हे स्वतःला विचारलं नव्हतं.

कोथरूडमध्ये जुन्या सोसायटीतला टू बीएचके बघतोय. तोच फ्लॅट दोन एजंट दाखवतात, त्यांपैकी एक ठरवायचा होता. एक बाई आहेत. महारेराची नोंदणी आहे, 2023 मध्ये सक्तीची झालेली परीक्षाही दिली आहे. अर्थात 2016 चा रेरा कायदा नोंदणी मागतो ती महारेरात नोंदलेल्या प्रकल्पांतली घरं विकणाऱ्यांकडून. जुन्या फ्लॅटच्या पुनर्विक्रीला ती लागत नाही. म्हणजे कार्डावरचा नंबर पाहून मोकळं होण्याची सोय नाही, माणूसच पारखावा लागतो. बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं : सोसायटीचं कन्व्हेयन्स झालेलं नाही, सर्च रिपोर्ट तुमच्या वकिलाकडून काढा, दलाली एक टक्का अधिक जीएसटी, पावती देईन. मला त्या कोरड्या वाटल्या.

दुसरे गृहस्थ चहा मागवतात. आवाज खाली आणून म्हणाले, "मालकाला मुलाची परदेशातली फी भरायचीय, साहेब. जरा ताणून धरा." ते मालकाकडूनही दलाली घेतात. माझी निकड तिकडे अशीच पोचेल, हे कळायला फार अक्कल लागत नाही. पण त्या क्षणी हे मनातही आलं नाही. मनात आला तो आकडा : किती कमी करता येतील. दुसऱ्याच्या अडचणीची बातमी आणून देणारा माणूस मला लगेच आपला वाटला.

मग ते म्हणाले, "बिल्डिंगमध्ये सगळे आपलेच लोक आहेत." मी विचारलं नव्हतं. न विचारता उत्तर मिळालं, याचंच बरं वाटलं. विचारलं असतं तर मी कोण ते मला कळलं असतं. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, फक्त पारशांनाच सभासद करण्याचा नियम वैध ठरवला. तो नियम निदान लिहिलेला होता. आमच्याकडे तो एजंटच्या तोंडी असतो. एखाद्या आडनावाला 'फ्लॅट आत्ताच गेला हो' असं फोनवर सांगायचं काम त्याचं. आम्ही कोणालाच नाही म्हणत नाही. बाई याबद्दल काही बोलल्या नाहीत, तेव्हा फ्लॅट बघायला गेल्यावर मी खालची नावांची पाटी वरपासून खालपर्यंत वाचली. पत्रांची पेटी कुठली ते बघतोय, असं दाखवत.

रोखीचंही तसंच. पंच्याण्णव लाखांपैकी वीस लाख 'वेगळे' दिले, तर सात टक्क्यांनी एक लाख चाळीस हजार मुद्रांक शुल्क वाचतं, असं गृहस्थांनी कॅल्क्युलेटरवर दाखवलं. रेडी रेकनरच्या दराखाली जाता येत नाही, म्हणून वीसच. नाहीतर चाळीसही निघाले असते. पुढे मी फ्लॅट विकायला काढला की खरेदीची किंमत कमी दिसून भांडवली नफ्यावरचा कर माझ्याच गळ्यात पडेल, हे त्यांनी सांगितलं नाही. आयुष्यभर मी स्वतःला नेकीने कर भरणारा समजत आलो. पण पगारातून कर कापला जातो. त्याला नेकी लागत नाही. ती तपासायची वेळ पहिल्यांदा आली, तेव्हा मी कॅल्क्युलेटरकडे बघत होतो.

अखेर बाईंना होकार कळवला आहे. ऑफिसात कुणी विचारलं तर सांगतो, व्यवहार चोख वाटला. खरं कारण असं की बँक कर्ज देते ते करारातल्या किमतीच्या प्रमाणात, आणि वीस लाख रोख माझ्याकडे नाहीत. असते तर काय केलं असतं, याचं उत्तर मी अजून टाळतोय. आणि मालकाच्या मुलाच्या फीची बातमी कानात आहेच. उद्या भाव ठरवायला बसायचंय.