सापामागे शंभर रुपये

कुणकेश्वरला देवळापासून जरा वर, सड्याच्या उतरणीला दोन भावांची एक बाग होती. वाटणी झाली तेव्हा मधला जांभ्याचा गडगा हीच हद्द ठरली. अलीकडे थोरल्याचं कौलारू घर आणि हापूसची कलमं. पलीकडे धाकट्याची कलमं, थोडे माड आणि एक पडका मांगर. थोरला वारला, तेव्हापासून बाग वहिनीच बघत होती. धाकटा मुंबईत नोकरीला. गणपतीला यायचा, जमलं तर महाशिवरात्रीच्या जत्रेला यायचा, मे महिन्यात आंबे घेऊन परत जायचा.

निवृत्त झाल्यावर तो कायमचा गावी आला. मांगर पाडून त्याने पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या. उरलेला चिरा मागच्या बाजूला ढीग करून टाकला. कधीतरी लागेल म्हणून.

पहिला पाऊस पडला आणि जनावरं दिसायला लागली. ती पूर्वीही होतीच, पण चार दिवसांच्या पाहुण्याला बाग कुठे दिसते? विहिरीत दिवड होता, जास्वंदीत हरणटोळ, पातेऱ्यात सापसुरळी. माडांच्या मुळाशी एक घोरपड उन्हाला यायची. आणि गडग्यावर धामण. सात फुटांच्या वर असेल. वहिनी तिला कित्येक वर्षं बघत होती, आणि बहुधा तीही वहिनीला.

एका दुपारी पुण्याच्या एका कुटुंबाने ती धामण बघितली. आरडाओरडा झाला, बॅगा भरल्या गेल्या, आगाऊ दिलेले पैसे परत मागितले गेले. त्याच संध्याकाळी धाकट्याने गड्याला सांगितलं, आजपासून सापामागे शंभर रुपये.

वहिनी गडग्याशी येऊन म्हणाली, "भावजी, ती धामण मारू नकात. ती कोणाचा काय खाता? हुंदीरच खाता मा?"

"वहिनी, लोक पैसे देऊन राहायला येतात. साप बघायला नाही येत."

वहिनी पुढे काही बोलली नाही. दिराशी वाद घालायची तिला सवय नव्हती.

गडी मनाने वाईट नव्हता. पावसाळ्यात बागेत कामं कमी, घरात खाणारी तोंडं तेवढीच. पहिल्याच दिवशी त्याने धामण आणली. ती दिवसाढवळ्या फिरते, लांब असते, पटकन नजरेत भरते, म्हणून सगळ्यांत आधी तीच मरते. मग हरणटोळ, मग दोन नानेट्या. भिंतीवरच्या पाली खाणारा कवड्या त्याने मण्यार म्हणून दाखवला आणि दोनशे मागितले. मण्याराचे पट्टे शेपटीकडे ठसठशीत असतात, कवड्याचे मानेकडे; पण मेलेला साप इतका निरखून कोण बघतो? एकदा तर वाळा आला. गांडुळाएवढा जीव, वाळवीची आणि मुंग्यांची अंडी खाऊन जगणारा. त्याचेही शंभर वहीत चढले. घोरपड मात्र हिशेबाला आली नाही. ती कुठे गेली हे वाडीला ठाऊक होतं, आणि त्या रात्री गड्याच्या चुलीवर काय शिजलं हेही. साप मारणं आणि घोरपड धरणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, पण कायदा वाडीपर्यंत चालत यायला वेळ लागतो.

हा उपाय धाकट्याने शोधला असंही नाही. इंग्रजी अमदानीत सरकारने तो याच मुलखात करून बघितला होता. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. त्याआधी देवगड रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. त्या जिल्ह्यात फुरशी इतकी, की मारून आणील त्याला सरकार बक्षीस देई. लोकांनी लाखांनी फुरशी मारून जमा केली. बक्षीस बंद झालं, साहेब गेले, फुरसं सड्यावर आहे तिथेच आहे.

श्रावणात वहिनी नागपंचमीच्या पातोळ्या घेऊन आली. खोल्यांच्या हिशेबाची वही पडवीत उघडीच होती. तिने बोट फिरवत यादी वाचली आणि गड्याला विचारलं, "ह्यात फुरसा खय आसा रे?"

"फुरसा दिसाक नको काय, वयनी?"

खरं होतं त्याचं. फुरसं म्हणजे जेमतेम हातभर, जांभ्याच्या धुळीच्या रंगाचं. दिवसा चिऱ्याखाली बसून राहतं. कुणी अगदी अंगावर गेलं तर वेटोळं करून खवले खवल्यांवर घासतं, खर्रखर्र आवाज येतो. तो ऐकू आला तर नशीब. सापामागे शंभर म्हटल्यावर गडी दिसेल ते मारणार, आणि दिसतात ते बहुतेक बिनविषारी. वही भरत गेली, आणि ज्याला भ्यायचं ते एकही जनावर तिच्यात नव्हतं.

दिवाळीच्या सुमाराला माडांखाली कोवळी फळं पडायला लागली, देठाशी कुरतडलेली. उंदरांनी माडाच्या शेंड्यात घर केलं होतं. मग ते खोल्यांच्या छतावर आले. पाहुणे रात्री उठून दिवे लावू लागले. मग गाडीच्या वायरी. धाकट्याने औषधाच्या वड्या आणून टाकल्या. काही उंदीर मेले, ते खाऊन वहिनीची मांजर मेली, आणि एका सकाळी जांभळीखाली घुबड पडलेलं मिळालं. रात्रभर फुकटात उंदीर धरणारे दोघेही गेले. उरलेले उंदीर वड्यांना तोंड लावीनात.

त्यांची बिळं मागच्या चिऱ्यांच्या ढिगाखाली गेलेली दिसली. मार्गशीर्षात धाकट्याने गड्याला ढीग उपसायला सांगितलं. उघड्या हातांनी, कारण गावात चिरा असाच उचलतात. तिसऱ्या की चौथ्या चिऱ्याखाली बोटं घातली आणि गड्याने हात झटकला.

वहिनी धावत आली. कुणी सुतळी आणली होती, कुणी ब्लेड. तिने दोन्ही बाजूला करायला लावलं. गड्याच्या बोटातली अंगठी काढली, हात फळीला सैल बांधून हलणार नाही असा ठेवला आणि त्याला चालू दिलं नाही. धाकट्याने गाडीची किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली नाही. वायरी अजून बदलल्या नव्हत्या. शेवटी शेजारच्या रिक्षातून मिठमुंबरीच्या पुलावरून देवगडला नेलं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी थोडं रक्त काढून कोरड्या काचेच्या नळीत ठेवलं आणि घड्याळ बघितलं. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहत होतं. फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही. हिरड्यांतून, लघवीतून जायला लागतं, आणि वेळ गेला तर माणूस आतल्या आत संपतो. प्रतिविष सलाइनमधून सुरू झालं. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच लस चालते आणि ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. मांत्रिकाकडे गेलेला तास मात्र कुणी परत देत नाही.

धाकटा रात्रभर बाकावर बसून होता. पहाटे गड्याची बायको पेज घेऊन आली. नवरा शुद्धीत आहे, बोलतो आहे हे बघितलं, मग धाकट्याकडे वळून म्हणाली, "काकानू, फुरशाचे किती देतल्यात?"

धाकट्याने मान वर केली नाही. गडी बरा झाला, पण त्याच्या उजव्या हाताचं एक बोट पुढे नीट वळलं नाही.

घरी आल्यावर धाकट्याने वहिनीला विचारलं, "वहिनी, धामण कुठे मिळते का? विकत?"

वहिनीला हसू आवरेना. "विकत गावची नाय, भावजी. गडगो रवांदे, ती आपसूक येतली."

गडगा राहिला. चिऱ्यांचा ढीग पहारीने, पायात गमबूट घालून हलवला. सोडणांची रास आणि खरकट्याचा खड्डा खोल्यांपासून लांब नेला. दारांखालच्या फटी बुजवल्या, पायवाटेला दिवे लावले. हे सगळं जमवायला जो खर्च आला, तो वहीतल्या बक्षिसांपेक्षा कमी होता. पुढचा पावसाळा कोरडाच गेला, म्हणजे धामणीविना. त्याच्या पुढच्या वर्षी गडग्यावर एक दिसली. जुनीपेक्षा आखूड, अंगाने बारीक. उंदीर संपले नाहीत. ते कधीच संपत नसतात. पण माडाखाली पडणारी फळं कमी झाली.

गडी अजून तिथेच कामाला आहे. त्याला आता महिन्याचा पगार मिळतो. खोल्यांच्या दारामागे धाकट्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद चिकटवला आहे: गडग्यावर धामण दिसल्यास तिला तिच्या वाटेने जाऊ द्यावे. खोलीत कोणतेही जनावर आल्यास दार लावून बाहेर यावे व वन विभागाच्या १९२६ या नंबरावर फोन करावा. साप दिसला म्हणून आगाऊ रक्कम परत मिळणार नाही.

तुम्ही जत्रेला म्हणा, समुद्राला म्हणा, कुणकेश्वरला आलात तर त्या कागदात नसलेली एक गोष्ट पाळा. अंधार पडल्यावर हातात बॅटरी आणि पायात बूट असल्याशिवाय बागेत शिरू नका, आणि दिवसाही उघड्या हाताने चिरा उचलू नका.