ढोल थांबतो तेव्हा

रॉक गाणे ऐकताना अंगावर काटा येतो, तो कशामुळे? शब्द पुष्कळदा कळलेलेच नसतात. चालही साधी, तीन-चार स्वरमेळांत बसणारी. तरी आत काहीतरी ढवळून निघते. हे कसे घडते ते पाहायचे असेल, तर लग्नसराईत शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या हळदीला जावे आणि बेंजो पार्टी कान देऊन ऐकावी.

बेंजो म्हणजे गावाकडची इलेक्ट्रिक गिटारच. त्याचा पूर्वज १९१२ साली जपानमधल्या नागोयात गोरो मोरिता यांनी घडवला. आपल्याकडे तो बुलबुलतरंग झाला आणि पुढे त्याला पिकअप बसला. तारा धातूच्या, कळ दाबली की स्वर बदलतो, आवाज जातो अॅम्प्लिफायरला. अडचण एकच, छेडलेली तार लगेच विझते. बेंजोवाला ही उणीव हाताने भरून काढतो; एकच स्वर इतक्या भराभर छेडतो की तो अखंड वाटावा. रॉकवाल्यांनी तेच काम यंत्रावर सोपवले. अॅम्प्लिफायरला झेपणार नाही इतका आवाज त्यात सोडला की ध्वनिलहरींचे माथे कापले जातात, मूळ स्वराला नवे उपस्वर चिकटतात, आणि स्वर लांबतो, खरखरीत होतो. माणूस जीव तोडून ओरडतो तेव्हा त्याचाही आवाज असाच फाटतो. म्हणून ती गिटार कुणीतरी मारलेल्या हाकेसारखी काळजाला भिडते.

पण फाटलेला आवाजच पुरेसा असता, तर सगळी वाद्ये पहिल्या क्षणापासून दणकावली की काम भागले असते. तसे होत नाही. जाणता बेंजोवाला गाण्याची पहिली ओळ एकट्याने, ठेक्याशिवाय, रेंगाळत वाजवतो. मांडवाला गाणे ओळखू येते, पाय शिवशिवू लागतात. ढोलवाले काठ्या उचलून उभे असतात, पण वाजवत नाहीत. ओळ संपता संपता ठेका पडतो आणि सगळा मांडव उसळतो. या उसळीचे श्रेय ढोलाला मिळते. ते खरे तर त्याच्या थांबण्याला द्यायला हवे.

रॉकमध्येही हेच दिसते. लेड झेपलिनचे १९७१चे ‘स्टेअरवे टू हेवन’ आठ मिनिटांचे आहे. त्याची सुरुवात साध्या गिटारने आणि बासरीच्या जातीच्या रेकॉर्डरने होते. ड्रम येतात ते चार मिनिटे उलटून गेल्यावर. फिल कॉलिन्सच्या १९८१च्या ‘इन द एअर टुनाइट’मध्ये यंत्राचा मंद ठेका चालत राहतो आणि ड्रम कोसळतात ते साडेतीन मिनिटांनंतर. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांना २०११ साली आढळले, की आवडत्या संगीताच्या उत्कट क्षणी तर मेंदूत डोपामिन स्रवतेच, पण त्या क्षणाची चाहूल लागल्यावर, तो येण्याआधीही, मेंदूच्या दुसऱ्या भागात ते स्रवते. म्हणजे वाट पाहणे हाही आनंदाचाच भाग.

यावर कुणी म्हणेल, वारल्यांच्या तारप्याचे काय? त्यात ढोल नसतो, थांबणेही नसते. भोपळ्यातून निघणारा सूर घुमतच राहतो. पण तिथेही वाट पाहणे आहेच. एकच चाल किती तरी वेळ फिरते, नाचणारे तिच्यात मुरून जातात, आणि तारपेकरी चाल बदलतो तेव्हा अख्ख्या फेराची पावले बदलतात. आधीचे लांबण नसते, तर त्या बदलाला जोर आला नसता. साधने वेगळी, नियम तोच.

डीजेच्या भिंतीसमोर शरीर हादरते, पण मन बहुधा कोरडेच राहते, त्याचे कारणही यातच आहे. एकाच ठेक्यात ओवलेली गाणी सुरुवातीपासून पूर्ण आवाजात वाजतात. पुढे काय येणार याची ओढच उरत नाही. ज्याने आरंभीच सारे दिले, त्याच्याकडे शिखरासाठी काही शिल्लक नसते. संगीत संयोजन म्हणजे वाद्यांची गर्दी जमवणे नव्हे. कुणी कधी गप्प बसायचे हे ठरवणे, हे त्यातले अर्धे काम आहे.

तेव्हा पुढच्या हळदीसाठी पार्टी ठरवताना माणसे किती आणि स्पीकर किती, एवढेच विचारू नका. गाणे सुरू कसे करता, हेही विचारा.