चित्रातले भय

भवभूतीचे 'उत्तररामचरित' ज्यांनी कॉलेजात संस्कृत घेऊन वाचले असेल, त्यांना त्याचा पहिला अंक आठवत असेल. जनक मिथिलेस परतल्यामुळे गर्भवती सीता खिन्न आहे. तिचे मन रमावे म्हणून तिला व रामाला त्यांच्याच पूर्वचरित्राची चित्रे दाखविली जातात. शूर्पणखेचे चित्र येताच सीता भयभीत होते, आणि हे केवळ चित्र आहे याची आठवण रामाला करून द्यावी लागते. पुढे जनस्थानातील प्रसंग येतात, तेव्हा आठवण करून देणाऱ्या त्या रामाचेच डोळे भरून येतात.

विदर्भातील पद्मपूरच्या या कवीने बाराशे वर्षांपूर्वी जे ताडले, त्याच्यावर आज एक उपचारपद्धती उभी आहे. तिला 'आभासी वास्तव' म्हणतात. डोळ्यांवर यंत्र चढवावयाचे; मान वळवावी तसे दृश्य वळते, आणि आपण त्या दृश्यातच उभे आहो असे वाटू लागते. १९९५ साली अमेरिकेत बार्बारा रॉथबॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंचीचे भय असलेल्या विद्यार्थ्यांना अशा यंत्रातून पूल, सज्जे आणि काचेची लिफ्ट दाखविली. पायांखाली पक्की फरशी असूनही त्यांना भय वाटले, आणि पुनःपुन्हा तेथे उभे राहिल्यावर ते ओसरले. २०१८ साली ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांनी १०० जणांवर केलेल्या प्रयोगात तर मार्गदर्शकही यंत्रातलाच होता. ज्यांना हा उपचार मिळाला त्यांचे भय सरासरीने ६८ टक्क्यांनी उतरले.

येथे आमच्या मनात प्रश्न उभा राहतो तो असा. रज्जुसर्पाच्या दृष्टान्तात दिवा आणला की दोरी दिसते आणि भय जाते. अज्ञान हेच तेथे भयाचे मूळ. परंतु लिफ्टला भिणाऱ्या माणसास लिफ्ट सुरक्षित आहे हे तुमच्याआमच्याइतकेच ठाऊक असते. दिवा त्याच्या हातातच आहे, आणि तरी तो कापतो आहे! त्याला समजूत घालणारे आप्तेष्ट नेमके हेच विसरतात. चिकित्सक मात्र दिवा आणीत नाही. तो खोटा साप समोर ठेवतो आणि भय थकेपर्यंत सोबत बसतो. वेदान्तातल्या ज्ञानापेक्षा हे गीतेतल्या अभ्यासाच्या जवळचे आहे. यात फसवणूक आहे, असे आम्हांस वाटत नाही. औषध म्हणून साखरेची गोळी देणारा वैद्य काही लपवितो; येथे रोग्याला सारे माहीत असते, आणि यंत्र काढून ठेवणेही त्याच्याच हाती असते.

मनाच्या अभ्यासासाठीही हे यंत्र वापरतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फ्रीमन यांनी सर्वसामान्य २०० लोकांना लंडनच्या भुयारी रेल्वेचा आभासी डबा दाखविला. डब्यातील प्रवासी मुद्दाम कोणाच्याही अध्यात ना मध्यात असे घडविलेले होते. तरी काहींना ते सज्जन वाटले, तर काहींना आपल्यावर टपून बसलेले. खऱ्या डब्यात संशय खरा की खोटा, हे सांगता येत नाही. येथे ते सांगता येते. हूटगळ्ळीहून म्हैसूर शहरात जाणाऱ्या बसमध्ये, कन्नड न कळणारा, नुकताच बदलून आलेला मराठी अधिकारी बसावा, आणि मागच्या बाकावर कोणी हसावे! आमच्यापैकी अनेकांनी हा प्रयोग यंत्रावाचून केलेला आहे.

हुणसूर रस्त्याच्या या कारखान्यांच्या वस्तीत बदलीच्या माणसांची वाण नाही. अशा माणसाचे मन बिघडले तर तो ते रक्तदाबाच्या नावाखाली दडवितो. बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की, मनोविकार असलेल्या शंभरांपैकी, विकाराच्या प्रकारानुसार, ७० ते ९२ जणांना उपचारच मिळत नाहीत. तेव्हा यंत्रच उपचार करील, ही कल्पना कोणाही सरकारला मोहक वाटेल. रिकामी पदे भरण्यापेक्षा यंत्रखरेदीची फाइल किती चपळ चालते, हे आमच्या वाचकांस काय सांगावे! २०२२ साली इंग्लंडमध्ये ३४६ मनोरुग्णांवर केलेल्या मोठ्या प्रयोगात आभासी दुकान, बस, दवाखान्याची प्रतीक्षाखोली असे प्रसंग होते. पण तेथे शेजारी माणूसही होता, आणि खऱ्या रस्त्यावर जाण्याचा गृहपाठही होता.

भयाच्या बाबतीत आमचे मत अनुकूल आहे ते एवढ्याचसाठी. आभासी लिफ्टमधून बाहेर पडल्यावर खरी लिफ्ट असते. पण शोकाचे काय? २०२० साली दक्षिण कोरियाच्या दूरचित्रवाणीवर एका आईला तिची वारलेली सात वर्षांची मुलगी यंत्रातून भेटविण्यात आली. ती आई रडत रडत हात पुढे करीत होती. भवभूतीच्या तिसऱ्या अंकातही अशी भेट आहे. पंचवटीत मूर्च्छित रामाला अदृश्य सीता स्पर्श करते. राम तिला पाहू शकत नाही. पण ती तेथे खरोखरच असते. कोरियात नेमके उलटे घडले: दर्शन होते, आणि पलीकडे कोणीच नव्हते.

त्या आईला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही. आमच्या वाचकांतही असे कोणी असतील, की ज्यांची आई सातारला किंवा अमरावतीला गेली, रजा मंजूर होऊन गाडी मिळेपर्यंत सारे आटोपले होते, आणि अंत्यदर्शन राहून गेले ते गेलेच. उद्या त्यांच्यापैकी कोणाला हे यंत्र कोणी देऊ केले, तर? भिंतीवरचा हार घातलेला फोटो हाक मारल्यावर ओ देत नाही. हे चित्र देईल, आणि तेही विकणाऱ्याने शिकविलेल्या शब्दांत. कोणी जाणते माणूस शेजारी बसले असताना त्याने ते एकदा पाहावे, यास आमची हरकत नाही. दर रविवारी पाहावे, यास आहे.