दोन क्विंटलची तार

खरं बोलावं, हे आम्हाला शाळेत शिकवलं. कोणाशी आणि केव्हा, हे शिकवायचं मात्र राहून गेलं. त्यामुळे उभा जन्म मी खरं बोलत आलो, आणि लग्नाकार्यात लोक मला पहिल्याच पंगतीला बसवून लवकर वाटेला लावू लागले.

गेल्या दिवाळीनंतर तीर्थपुरीला मामांकडे गेलो होतो. मामा निवृत्त मास्तर. पाऊल आत टाकतो तोच म्हणाले, "बस. बोलू नको." पंखा बंद केला, खिडकी लावली, अंगणातल्या शेळीला दोन घरं पलीकडे बांधून आले आणि टेपरेकॉर्डर सुरू केला.

मामींचा आवाज! १९८६ साली मामांनी हा टेप घेतला, तेव्हा पहाटे जात्यावर बसलेल्या मामींच्या ओव्या त्यांनी गुपचूप भरून ठेवल्या होत्या. १९९४ साली मामी गेल्या. कॅसेट तेवढी राहिली.

"ऐकलंस? बांगड्या वाजायल्यात! जात्याच्या खुंट्याला लागून. इतक्या वर्षांत कधी ऐकू आल्या नव्हत्या. ही तार आणली ना जालन्याहून."

मी तार पाहिली. टेपापासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत हातभर लांब, अंगठ्याएवढी जाड, वर जांभळं वेष्टण, टोकांना सोन्याचा मुलामा. नवरदेवाच्या थाटात बसली होती.

"केवढ्याला?"

"नऊ हजार."

मी मनातल्या मनात भागाकार केला. दोन क्विंटल सोयाबीन!

वाचकहो, माझी नोकरी विजेच्या खात्यात गेली. माणसांचं मला फारसं कळत नाही, पण तारेचं कळतं. वीज वाहून नेण्यात पहिला नंबर चांदीचा, दुसरा तांब्याचा आणि सोन्याचा तिसरा. सोनं टोकाला लावतात ते एवढ्यासाठीच, की ते गंजत नाही. स्पीकरची तार लांब ओढायची असेल तर जाड हवी, नाहीतर ताकद वाटेतच उष्णता होऊन जाते. पिन सैल असेल तर खरखर येते, वरचं जाळीचं वेष्टण धड नसेल तर घूं असा आवाज घुसतो. एवढं सांभाळलेली दीडशे रुपयांची तार हातभर अंतराला जे काम करते, तेच नऊ हजारांची करते. टीव्हीच्या एचडीएमआय तारेचं तर त्याहून सोपं. तिच्यातून जातात ते आकडे, शून्य आणि एक. ते पोचले तर चित्र दिसतं; नाही पोचले तर ठिपके उडतात किंवा पडदा काळा होतो. पोस्टमननं पत्र मखमली पिशवीतून आणलं, म्हणून आतल्या मजकुरातलं अक्षर सुधारत नाही.

हे सगळं माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण मामांचे डोळे मिटलेले होते, आणि कडा ओल्या होत्या. आता सांगा, काय करावं? पैसे तर गेलेच होते. सत्य सांगून पैसे परत येणार नव्हते. गेल्या असत्या त्या बांगड्या. जन्मात पहिल्यांदा मी खरं गिळलं आणि म्हणालो, "छान आहे."

खोटं पचायला जड असतं म्हणतात. मला ते संध्याकाळपर्यंतही पचलं नाही.

संध्याकाळी मारुतीच्या देवळातलं भजनी मंडळ ओसरीवर जमलं. सप्ताहासाठी देवळातल्या टेपाला आणि माइकांना अशाच तीन तारा घ्यायच्या, असा विचार चालला होता. सत्तावीस हजार! वर्गणीचे! त्या वर्गणीत ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या दहा-दहाच्या नोटा होत्या. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "मास्तरांच्या भाच्यानंबी छान म्हटलंय. वीज खात्यातला माणूस हाय त्यो."

मी हादरलो. सकाळी ज्याला मी मायाळू मौन समजत होतो, त्याचा संध्याकाळपर्यंत दाखला झाला होता. एकाच्या समाधानासाठी झाकलेलं खोटं दुसऱ्याच्या खिशात हात घालू लागलं, की ते झाकणाराही चोरीत भागीदार होतो.

म्हटलं, "आपण एक परीक्षा घेऊ." टेपासमोर चादर धरली. मागे मी, जुनी तार आणि नवी तार. दहा वेळा कॅसेट लावायची. प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं, जुनी की नवी. काही वेळा मी तार बदलली, काही वेळा नुसतीच खुडबुड केली.

चिठ्ठ्या मोजल्या. नाणं उडवून लिहिलं असतं तरी एवढेच मार्क पडले असते. मामांना दहापैकी पाच. मास्तर असून काठावर! आणि त्यांच्या चिठ्ठीवर प्रत्येक आकड्यापुढे लिहिलेलं होतं : 'बांगड्या आल्या.' जुन्या तारेलाही.

ओसरीवर कोणी बोलेना. मला वाटलं, झालं. बांगड्या मी फोडल्या.

मामा बराच वेळ चिठ्ठीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे जुन्या तारेतबी होत्या त्या. वाजत होत्या. मीच ऐकत नव्हतो."

खरंच होतं ते. आजवर ती कॅसेट लागायची ती दाढी करताना नाहीतर वही तपासताना. नऊ हजार मोजल्यावर माणूस पंखा बंद करतो, शेळी दूर बांधतो आणि डोळे मिटून बसतो. मामा रोज दासबोध वाचतात. समर्थांचं जांब आमच्याच तालुक्यातलं. चौथ्या दशकाच्या पहिल्या समासात श्रवणभक्ती आहे. नऊ भक्तींत पहिला मान ऐकण्याचा. तारेचा त्यात कुठेही उल्लेख नाही.

मंडळानं साध्या तारा घेतल्या आणि उरलेल्या पैशांत सप्ताहाच्या पंगतीची सोय केली. मामांनी मात्र ती जांभळी तार काढली नाही. म्हणाले, "असू दे. फी समज. मास्तर होतो, पण ऐकायला ह्या वयात शिकलो."

घरी येऊन हा सगळा वृत्तांत मी रंगवून सांगितला. बायको शांतपणे म्हणाली, "ते ठीक. पण मघापासून मी दोनदा काय विचारलं?"

आमच्यातली तार जुनी आहे, शुद्ध तांब्याची आहे आणि तिच्यात काहीही बिघाड नाही. मी मुकाट्यानं पंखा बंद केला.