पापाचे वाटेकरी

रहस्यकथेचा वाचक मोठा भाग्यवान! शेवटच्या प्रकरणात खुनी सापडतो, त्याच्या हातांत बेड्या पडतात आणि वाचक दिवा मालवून शांत झोपतो. खुनी तो, आपण नव्हे! बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून महाराष्ट्राला हे समाधान वर्षानुवर्षे पुरवले. आमच्या मांजरीशेजारच्या फुरसुंगीचा फास्टर फेणेही गुन्ह्याचा छडा लावल्यावाचून राहत नाही.

कारखान्यातल्या गुन्ह्यावर कादंबरी लिहायला मात्र मी बसलो आणि लेखणी अडली. चीनमधील एक हकीकत त्याला कारण झाली. १९ नोव्हेंबर १९९३ रोजी शेन्झेन परिसरातील खेळण्यांच्या एका कारखान्याला आग लागली. मालक हाँगकाँगचे, खेळणी युरोपातील मुलांसाठी आणि कामाला बहुतेक खेड्यापाड्यांतून आलेल्या तरुण मुली. खिडक्यांना गज, बाहेरच्या दारांना कुलपे. ८७ जीव गेले. त्या मुलींची घरून आणि मैत्रिणींकडून आलेली पत्रे मागे उरली.

आता खुनी कोण? कुलूप लावणारा म्हणेल, हुकूम वरून आला. मालक म्हणेल, गिऱ्हाइकाला माल स्वस्त हवा. गिऱ्हाईक म्हणेल, मला त्या कुलपाची काय कल्पना? प्रत्येकाचे म्हणणे थोडे थोडे खरे. मेलेली माणसे मात्र पुरती मेलेली.

आपल्याकडे भोपाळला १९८४ साली विषारी वायूने हजारो माणसे मारली. कारखान्यात निम्म्याहून अधिक वाटा अमेरिकन कंपनीचा. तिचे प्रमुख वॉरन अँडरसन आले, त्यांना अटक झाली, जामीन मिळाला. ते गेले ते पुन्हा कोर्टापुढे आलेच नाहीत. २०१४ साली अमेरिकेतच वारले. २०१० मध्ये सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन दोन वर्षांची शिक्षा झाली. नफ्याला समुद्र ओलांडता येतो, अपराधाला येत नाही!

इथे मला वाल्या कोळ्याची गोष्ट आठवते. माझ्या पापात वाटेकरी व्हाल का, असे त्याने घरी जाऊन विचारले. लुटीचे अन्न खाणाऱ्या साऱ्यांनी माना फिरवल्या. पण निदान वाल्याने विचारले तरी! आजचा वाल्या विचारीत नाही. आणि खाणाऱ्यांना तो दिसतच नाही.

यावर कोणी म्हणेल, मग आपण सारेच खुनी. नाही, वाचकहो. सारेच खुनी म्हटले की खरा खुनी गर्दीत सुखाने दडतो. कुलूप लावणारा आणि बाहुली विकत घेणारी आई यांना एका दोरीने बांधणे हा न्याय नव्हे. ज्याच्या हाती किल्ली, त्याचा अपराध मोठा. पण पाप हे प्रसादासारखे नसते. वाटेकरी वाढले म्हणून कोणाचा वाटा लहान होत नाही. आणि आपल्या वाट्याला एक लहानसे कर्तव्य उरतेच: विचारण्याचे.

२१ जानेवारी २०२१ रोजी आमच्या मांजरीतच, सीरम इन्स्टिट्यूटच्या आवारातील बांधकाम चालू असलेल्या इमारतीला आग लागली. पाच कामगार गेले. त्या घटनेला मी गुन्हा म्हणत नाही. पण दिवस करोनाचे होते. धूर दिसताच जो तो विचारू लागला, "लस सुरक्षित आहे ना?" प्रश्न चुकीचा नव्हता, लशीवर लाखो जीव अवलंबून होते. मात्र "आत कोण आहे?" हा प्रश्न त्याच्या आधी यायला हवा होता.

मी पडलो मॅट्रिक झालेला मास्तर. तत्त्वज्ञांची कोडी मला सुटायची नाहीत. पण माझ्या वर्गातली मुले उद्या कुठल्या तरी कारखान्यात कंत्राटावर लागतील. त्यांना मी एवढेच सांगतो: पहिल्या दिवशी पगार विचारा, आणि दुसरे दार कुठे आहे तेही विचारा. ते उघडते का, हे ढकलून पाहा.

दिवाळीत आपण घराची दारे उघडी ठेवतो, लक्ष्मी यावी म्हणून. ती ज्या दारांतून निघून आपल्याकडे येते, ती आतल्या माणसांसाठी उघडी आहेत का, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले.