आळ्याचा रेडा आणि आपल्या दावणीचा रेडा



पुणे-नाशिक रस्त्याने जाणारी माणसे आळेफाट्यावर घटकाभर थांबतात, चहा घेतात आणि पुढची गाडी धरतात. तेथून जवळच आळे येथे एका जनावराची समाधी आहे. राजांच्या छत्र्या पुष्कळ, साधूंच्या समाध्याही पुष्कळ. पण रेड्याला समाधी, तिची पूजा, आणि माणसांनी तिच्यापुढे टाळ धरून उभे राहावे, हे आमच्या जुन्नर तालुक्याचे भाग्य आहे.

कथा आपणां सर्वांना पाठ आहे. शुद्धिपत्रासाठी चारी भावंडे पैठणास गेली. ‘नावात काय आहे, तो पखालीचा रेडासुद्धा ज्ञानाच’ असे कोणी कुत्सितपणे म्हणाले. माउलींनी उत्तर दिले की, त्याच्यात आणि माझ्यात भेद नाही. मग रेड्याच्या पाठीवर आसूड बसला आणि वळ माउलींच्या अंगावर उठले. आणि शेवटी त्याच्या मुखातून वेद बाहेर पडला. श्रोत्यांना वेदाचा चमत्कार आवडतो. मला विचाराल तर वळ उठले ही त्याहून मोठी गोष्ट. वेद म्हणायला पाठांतर पुरते हो, पण दुसऱ्याचा मार आपल्या पाठीवर उमटायला काय पाहिजे?

परंतु याच्याही पुढची एक गोष्ट आहे, तिकडे फारसे कोणी पाहत नाही. पैठणचे काम झाले, पत्र हाती आले, तेव्हा त्या रेड्याचा उपयोग संपला होता. व्यवहारी माणसाने त्याला तेथेच सोडले असते. माउलींनी त्याला बरोबर घेतले. शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली, आणि पुढे आळंदीच्या वाटेवर आळ्याला त्याने देह ठेवला तेव्हा त्याला समाधी दिली, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. उपयोग संपला, पण सोबत संपली नाही.

आता आपल्या दावणीकडे येऊ. नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव, हा सगळा दुधाचा मुलूख. म्हैस व्याली की घरातून पहिला प्रश्न येतो, “काय झालं?” पारडी झाली तर घर हसते. रेडकू झाले तर कोणी बोलत नाही. मग होते काय? चिकाचा खरवस होतो, देवाला नैवेद्य दाखवतात, शेजारी वाटी जाते. आणि ज्याच्यासाठी तो चीक आचळात उतरला ते रेडकू खुंट्याला तोंड वाळवत उभे असते. जनावरांचे डॉक्टर सांगतात की, पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला नाही तर वासराला रोगाशी झुंजण्याची ताकद येत नाही. ते आठ-पंधरा दिवसांत जाते. म्हैस पान्हा चोरू नये म्हणून कोठे कोठे त्याच्याच कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे उभा करतात. जे जगते ते वर्षा-दोन वर्षांनी बाजारात जाते, आणि तेथून पुढे कोठे जाते ते विकणाऱ्यालाही ठाऊक असते. नांगराला ट्रॅक्टर आला, पखाली गेल्या. हल्याला काम उरले नाही. पश्चिमेकडे भातखाचरात चिखलणीला कोठे दिसतो, तेवढाच.

कायद्याचेही सांगतो. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईची कत्तल बंद केली. २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्या बंदीत आले. म्हैस-रेडा त्या पूर्ण बंदीत नाही. ज्याच्या मुखातून वेद निघाला म्हणून आपण कीर्तन करतो, तोच बाहेर राहिला! मी याविषयी सरकारशी भांडत नाही आणि खाटकाला शिव्याही देत नाही. सजन कसायाला देवाने जवळ केले, हे वारकऱ्याने विसरू नये. खाटकाच्या हाती दोरी जाते ती कोणाच्या तरी हातातून जाते. दोरी सोडणारा हात गळ्यात माळ असलेल्याचा असेल, तर बोलणे तेथे करावे लागते.

अमेरिकेत माळरानावर फिरणारे रानटी घोडे पकडून कत्तलीला पाठवीत असत. एका बाईने त्याविरुद्ध वर्षानुवर्षे झुंज दिली, शाळेतल्या मुलांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि १९७१ साली त्या घोड्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले. घोड्याचे रूप देखणे असते, त्याला धावताना पाहून मन भरते. आपणही रिंगणात माउलींच्या अश्वाच्या टापेखालची माती कपाळाला लावतो. रेड्याचे तसे नाही. तो काळा, थोराड, यमाचे वाहन. त्याच्यासाठी पत्र कोण लिहिणार?

पण आमच्या या दोन तालुक्यांतल्या माणसांत दया नाही असे कोणी म्हणेल तर मी ऐकून घेणार नाही. उसाच्या तोडीत बिबट्याची पिल्ले सापडतात. ज्या बिबट्याने गोठ्यातली वासरे नेली, ज्याच्या भीतीने रात्री उसाला पाणी द्यायला माणूस जात नाही, त्याची ती पिल्ले. वनखात्याची माणसे येतात, पिल्ले तपासतात आणि सांजावले की त्याच वावरात परत ठेवतात. आई येते, मानगूट धरून घेऊन जाते. शेतकरी तेवढा वेळ तोड थांबवतो. जखमी किंवा रानात सोडता न येणारा बिबट्या माणिकडोहच्या निवारा केंद्रात राहतो; वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था २००७ पासून तेथे वनखात्याला साहाय्य करते. ज्यांच्या घरचे मूल बिबट्याने नेले त्यांच्यापुढे मी दयेवर व्याख्यान देणार नाही, त्यांचे दुःख त्यांनाच ठाऊक. एवढेच म्हणतो की, हिंस्र श्वापदाला ज्या मुलखात आसरा मिळतो, तेथे गवत खाणाऱ्या रेडकाला चीक मिळू नये, याचा मेळ मला बसत नाही.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे गुण सांगताना भगवंतांनी पहिले नाव घेतले ते अभयाचे. ज्याला भय नाही तो अभय, हा एक अर्थ. ज्याच्यापासून दुसऱ्याला भय नाही तोही अभय. भीमाशंकरच्या रानाला १९८५ साली शेकरूसाठी अभयारण्य म्हटले, त्यातला ‘अभय’ तो हाच. गोठाही असा होऊ शकतो.

आता कोणी म्हणेल, “महाराज, बोलायला काय जाते? चारा तुम्ही घालणार का?” प्रश्न रास्त आहे. मोठे जनावर दिवसाला वीस-पंचवीस किलो हिरवा चारा खाते. शिबिराजाने कबुतराला अभय दिले तेव्हा ससाणाही म्हणालाच होता, माझ्या पोटाचे काय? राजाने त्याला हाकलले नाही, स्वतःच्या मांडीचे मांस तराजूत घातले. अभयाला वजन पडते, आणि ते एकट्या गरीब शेतकऱ्याच्या पारड्यात टाकणे अन्याय आहे. मुंबईचा पांजरापोळ १८३४ साली उभा राहिला तो व्यापाऱ्यांनी पैसा घातला म्हणून. आपल्याकडे व्यापारी नसतील, पण दिंड्या आहेत. एका दिंडीने एक रेडा, एवढेच म्हणतो. सप्ताहाच्या पंगती होतात, मंडपाला हजारो रुपये जातात. त्यातला चौथा हिस्सा चाऱ्याला काढला तर नारळ वाढवायला माझी हरकत नाही.

ज्याला तेही जमत नाही त्याने व्याल्यावर पहिले चार दिवस चीक रेडकाला पोटभर पाजावा, आणि पुढे एक सड त्याच्यासाठी राखावा. बहुतेक मादीच जन्मावी अशा रेतनमात्राही आता मिळतात. काही मंडळींना हे धर्मबाह्य वाटते. मला वाटत नाही. ज्याला उपाशी मारायचे त्याला जन्माला न घालणे बरे.

चाऱ्याची अडचण खरी उन्हाळ्यातली. विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांची ऊसतोड चालू असते तोवर वाढे मुबलक असतात, फाल्गुन-चैत्रात ते संपतात. म्हणून ज्या गावाने रेडा सांभाळायचा ठरवला असेल त्याने तोड संपण्यापूर्वीच वाढ्यांची कुट्टी करून मुरघास घालावा. खड्डा दाबून भरावा, वर कागद नीट झाकावा आणि आत हवा जाऊ देऊ नये, नाहीतर बुरशी धरते.